डोकं का दुखतंय, शोधू या!

दोस्तांनो, पावसाळा आला की नाशिकमध्ये एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "मारुतीला पाणी कुठवर आलं?" पंचवटीत रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की गळ्याशी आलं, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. आता पाणी दिसतं मारुतीपाशी, पण ते येतं वरून, गंगापूर धरणाकडून!

डोकेदुखीचंही तसंच असतं बरं का. दुखतं डोकं, पण कारण पुष्कळदा भलतीकडेच असतं. गंमत म्हणजे आपल्या मेंदूला स्वतःला वेदना होतच नाहीत. दुखतात ती त्याच्याभोवतीची आवरणं, रक्तवाहिन्या, डोक्याचे आणि मानेचे स्नायू. म्हणून वारंवार डोकं दुखत असेल तर दोन गोष्टी बघायच्या. एक, हे पाणी कुठून येतंय? आणि दुसरी, ते कुठवर आलंय?

आधी सोपी कारणं पाहू. सकाळच्या शाळेच्या घाईत दूध-पोळी तशीच राहते, पाण्याची बाटली भरलेली तशीच घरी परत येते. मग अकरा-बाराच्या सुमारास डोकं ठणकायला लागलं तर नवल काय! उपाशी पोट आणि कमी पाणी ही मुलांच्या डोकेदुखीची अगदी नेहमीची कारणं. तिसरं कारण म्हणजे झोप. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. रात्री पांघरुणात मोबाइल बघत बसलात, तर त्याचा हिशेब सकाळी डोकं मागतं.

फळ्यावरची अक्षरं पुसट दिसतात? डोळे बारीक करून बघावं लागतं? मग नंबर तपासून घ्या. चष्म्याच्या भीतीनं मुलं हे लपवतात. पण चष्मा लावल्यानं नंबर वाढतो ही निव्वळ समजूत आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत येऊन मुलांना तपासतं. त्या दिवशी मागच्या बाकावर लपून बसू नका!

परीक्षा जवळ आली किंवा वर्गात कुणी सारखं चिडवत असलं, तर डोक्याला घट्ट पट्टा आवळल्यासारखं वाटतं. हा ताण. तो मनात असला तरी दुखणं खोटं नसतं. सर्दी साठली तर कपाळ आणि गाल दुखतात, खाली वाकलं की जास्तच.

आणि एक जुनं दुखणं आहे, अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन. सुश्रुतसंहितेत डोक्याचे ११ रोग सांगितले आहेत, त्यांत 'अर्धावभेदक' म्हणून असंच एक दुखणं आहे. नाव अर्धशिशी असलं तरी मुलांमध्ये ते बऱ्याचदा दोन्ही बाजूंना, कपाळावर ठणकतं. मळमळतं, उजेड नि आवाज नकोसे होतात, अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं. आई, मावशी, आजी यांपैकी कुणाला हा त्रास असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण तो घराण्यात चालत येतो. त्यावर चांगले उपचार आहेत.

मग आपलं कारण कोणतं, हे कसं कळणार? एक वही करा. डोकं दुखलं की तारीख, वेळ, कुठे दुखलं, किती वेळ दुखलं, त्याआधी काय खाल्लं, रात्री किती झोपलात, एवढं लिहा. तीन-चार आठवड्यांत वहीच बोलायला लागेल. "अरे, हे तर दर सोमवारी, डबा न खाता आलो तेव्हाचं!" ही वही डॉक्टरांनाही फार उपयोगी पडते.

आता पाणी कुठवर आलंय ते बघू.

गुडघ्याला: कधीतरी दुखतं आणि खाऊन, पाणी पिऊन, झोप काढून थांबतं. घाबरायचं कारण नाही.

कमरेला: आठवड्याला दुखतंच, शाळा बुडते, खेळावंसं वाटत नाही, गोळी वारंवार लागते. आता डॉक्टरांकडे जायचं. दुकानातून स्वतःच गोळ्या आणून घेत राहू नका. महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस, असं काही महिने वेदनाशामक गोळी घेतली, तर त्या गोळीनंच डोकं दुखायला लागतं! आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुलांना ॲस्पिरिन कधीच द्यायची नाही; तिनं क्वचित, पण गंभीर आजार होऊ शकतो.

गळ्याशी: एकाएकी, कधी झालं नव्हतं इतकं भयंकर दुखणं. तापासोबत मान ताठ होणं. डोक्याला मार लागल्यावर उलट्या किंवा गुंगी. एकाचे दोन दिसणं, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं, तोल जाणं, झटका येणं. दुखण्यानं झोपेतून जाग येणं, पहाटे डोकं दुखून उलटी होणं, किंवा दुखणं दिवसेंदिवस वाढत जाणं. यांपैकी काहीही दिसलं तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एकाएकी झालेलं भयंकर दुखणं, ताठ मान, झटका, गुंगी, लुळेपणा किंवा अडखळतं बोलणं असेल तर क्षणभरही थांबू नका. १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते, पैसे पडत नाहीत.

नाशिकच्या थंडीत आणखी एक सावधगिरी. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर किंवा बंद खोलीतली कोळशाची शेगडी यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदमच दुखायला, गरगरायला लागलं, तर आधी सगळे बाहेर मोकळ्या हवेत या, मग १०८ ला फोन करा.

आणि आई-बाबा, हे तुमच्यासाठी. "अभ्यास म्हटला की बरं तुझं डोकं दुखतं!" हे वाक्य आपण सहज बोलून जातो. ते दोन-चारदा ऐकलं की मूल सांगायचंच बंद होतं, आणि मग पाणी गळ्याशी येईपर्यंत घरात कुणाला पत्ता लागत नाही. तेव्हा आधी ऐकून घ्या, मग विचारा, "आज डबा खाल्लास का रे?"

चला तर दोस्तांनो, जुन्या वह्यांतली कोरी पानं काढा आणि पहिल्या पानावर आजची तारीख घाला!