संग्राह्य कार्डांची प्रतवारी : कंपनी कशी निवडावी?

आंबा असो वा कापूस, प्रत ठरल्याशिवाय मालाचा भाव ठरत नाही. अमेरिकेत हाच नियम खेळाडूंच्या चित्रांच्या आणि पोकेमॉनच्या कार्डांना लागू झाला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२ सालचे कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. त्याची प्रत होती १० पैकी ९.५. ज्यांची मुले किंवा नातेवाईक या व्यवहारात पैसे गुंतवीत आहेत, त्यांनी प्रतवारीचा हा धंदा समजून घेणे आवश्यक आहे.

प्रतवारी म्हणजे काय?

कंपनीचे परीक्षक प्रथम कार्ड अस्सल आहे की नाही, ते कापलेले किंवा रंगवलेले तर नाही ना, हे पाहतात. नंतर चार गोष्टी तपासल्या जातात : चित्र मधोमध छापले आहे काय, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. त्यावरून १ ते १० पर्यंत गुण देऊन कार्ड पारदर्शक कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. डबीवर प्रत आणि क्रमांक असतो.

कंपन्या कोणत्या?

१९९१ मध्ये सुरू झालेल्या पीएसएचे नाव बाजारात सर्वात मोठे आहे. एसजीसी १९९८ ची. जुन्या बेसबॉल कार्डांसाठी तिला मान आहे. वर उल्लेखिलेले मँटलचे कार्ड तिच्याच डबीत होते. १९९९ मध्ये आलेल्या बेकेटकडे चारही बाबींचे गुण वेगवेगळे छापून घेता येतात. कॉमिक पुस्तकांची प्रतवारी करणारी सीजीसी २०२० मध्ये कार्डांकडे वळली. पीएसएच्या मालक कंपनीने २०२४ मध्ये एसजीसीही विकत घेतली. म्हणजे येथे नावे दोन असली तरी मालक एकच आहे.

निवड करताना

आपले कार्ड ज्या प्रकारचे आहे, त्या प्रकारचे ग्राहक कोणत्या डबीला जास्त भाव देतात, हे आधी पाहावे. त्यासाठी विक्रेत्याने मागितलेली किंमत धरू नये. प्रत्यक्ष विक्री कितीला झाली ते पाहावे. कार्ड परत मिळण्यास लागणारा वेळही विचारावा. मार्च २०२१ मध्ये कार्डांचा ढीग इतका साचला की, पीएसएला बहुतेक सेवा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

त्यानंतर हिशेब मांडावा. समजा, कार्ड आहे तसे ३० डॉलरला जाते. ९ ची प्रत मिळाल्यास ४५ आणि १० ची मिळाल्यास १५० डॉलर येतील. शुल्क, टपाल व विमा मिळून खर्च ३० डॉलर. ९ ची प्रत मिळाली तर हाती १५ च उरतात. म्हणजे न पाठवता विकले असते तर बरे! भारतातून पाठवायचे असल्यास जाण्यायेण्याचा खर्च आणि जकातीचे नियमही हिशेबात धरावे लागतात. म्हणून केवळ १० च्या आशेवर कार्ड पाठवू नये.

शिक्का म्हणजे हमी नव्हे

सोन्याच्या हॉलमार्कमागे धातूची कसोटी असते. कार्डाची प्रत मात्र शेवटी परीक्षकाचे मत असते. होनस वॅग्नर या खेळाडूचे गाजलेले कार्ड पीएसएने प्रतवारी केलेले पहिले कार्ड. त्याला ८ ची प्रत मिळाली आणि २००७ मध्ये त्याची किंमत २८ लाख डॉलरवर गेली. पुढे २०१३ मध्ये लिलाव व्यावसायिक बिल मॅस्ट्रो यांनी, आपण त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या, अशी न्यायालयात कबुली दिली.

बाजारात बनावट डब्याही फिरतात. म्हणून खरेदीपूर्वी डबीवरील क्रमांक कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहावा आणि नोंदीत छायाचित्र असल्यास कार्ड त्याच्याशी जुळते काय ते तपासावे. डबीवरचा आकडा वाचण्यापूर्वी आतले कार्ड नीट पाहावे. कारण पैसे कार्डाचे मोजायचे असतात.