विश्लेषण : बल्ब नवा, तरी उजेड मंदच? जुन्या पिकअपच्या दिव्यांचा बिघाड कसा शोधायचा?

दिंडोरी, निफाडच्या शिवारातला टोमॅटो, द्राक्षे आणि भाजीपाला पिंपळगाव बसवंत, नाशिक किंवा थेट वाशीच्या बाजारात पोहोचतो तो अनेकदा पिकअपमधून आणि रात्रीच्या वेळी. पावसाळ्यात कसारा घाटात धुके उतरले, की मागून येणाऱ्या ट्रकचालकाला पुढची गाडी कळते ती तिच्या दोन लाल दिव्यांवरूनच. दहा-बारा वर्षे जुन्या गाडीत नेमके हेच दिवे दगा देतात. चालक बल्ब बदलतो, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच त्रास सुरू होतो. अशा वेळी दोष बल्बमध्ये नसतोच.

मग दोष असतो कुठे?

पिकअपची वायरिंग १२ व्होल्टची असते. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाकडून निघालेला प्रवाह फ्यूज, स्विच आणि कपलरमधून बल्बपर्यंत जातो. परतीसाठी मात्र बॅटरीपर्यंत वेगळी वायर नसते. गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीचा मार्ग असतो. गॅरेजच्या भाषेत यालाच ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. हौदा धुताना किंवा चिखलातून जाताना अर्थच्या बोल्टखाली पाणी शिरते आणि गंज चढतो. तो प्रवाहाला अडथळा करतो आणि बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही.

याचा परिणाम वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. साध्या फिलामेंटच्या बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळाले, तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो.

लक्षणांवरून काय ओळखता येते?

• इंडिकेटर दिल्यावर टेललाइटही लुकलुकतो : मागच्या दिव्याचा अर्थ कच्चा आहे. परतीची सरळ वाट बंद झाल्याने प्रवाह शेजारच्या फिलामेंटमधून निघतो.

• एका बाजूचा इंडिकेटर भराभर चालतो : त्या बाजूचा एखादा बल्ब गेला आहे किंवा होल्डरमध्ये लूज काँटॅक्ट आहे.

• दोन्ही हेडलाइट एकदम बंद : दोन्ही बल्ब एकाच वेळी जाण्याची शक्यता कमी. आधी फ्यूज, रिले आणि स्विच तपासा.

• एक्सिलरेटर दिला की सगळे दिवे उजळतात, सोडला की मंदावतात : बॅटरी, डायनॅमो किंवा त्याचा सैल बेल्ट पाहा.

• बल्ब वारंवार उडतात : व्होल्टेज जास्त येत असू शकते. रेग्युलेटर तपासून घ्या.

मल्टीमीटरने तपासणी कशी करायची?

सुरुवात बॅटरीपासून करा. गाडी काही तास बंद असताना चांगल्या, भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.४ हवा. तो १५ च्या वर जात असेल, तर रेग्युलेटरमध्ये दोष आहे.

नंतर अर्थ तपासा. दिवा चालू ठेवून मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन होल्डरच्या अर्थ टोकाला लावा. टेललाइटपर्यंत पिन पोहोचत नसेल, तर मध्ये लांब वायर जोडा. आकडा शून्याच्या जवळ असेल, तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर वाटेत गंज आहे.

मीटर नसेल, तर होल्डरच्या अर्थ टोकापासून एक वायर चॅसीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या भागाला टेकवा. दिवा एकदम उजळला, तर बिघाड सापडला. मग बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढा, अर्थचा बोल्ट उघडा, लोखंड चमकेपर्यंत पॉलिशपेपरने घासा, बोल्ट घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. खर्च जवळपास शून्य.

मोठा फ्यूज किंवा जास्त वॅटचा बल्ब चालेल का?

नाही. ६०/५५ वॅटच्या हेडलाइटचे दोन बल्ब डिपरवर मिळून सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. १००/९० वॅटचे बल्ब लावले, तर तोच प्रवाह १५ अँपिअरवर जातो. जुनी वायर, स्विच आणि होल्डर त्यामुळे तापतात, वितळतात. फ्यूज असतो तो वायर वाचवण्यासाठी. तो पुन्हा पुन्हा उडत असेल, तर कुठेतरी वायर सोलली जाऊन चॅसीला टेकते आहे. हौद्याखालची वायर आधी पाहा. फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घातली, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंगच पेटू शकते.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत दिवे लावणे बंधनकारक आहे. मागचा लाल दिवा १५५ मीटर अंतरावरून दिसला पाहिजे. मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीत दिवेही पाहिले जातात.

पण वर्षातून एकदा होणारी तपासणी रोजच्या रात्रीसाठी पुरेशी नाही. माल भरून झाला, की हमालाला किंवा सोबत्याला दोन मिनिटे गाडीच्या मागे उभे करा. टेललाइट, ब्रेकलाइट, दोन्ही इंडिकेटर आणि नंबरप्लेटचा दिवा त्याच्याकडून पाहून घ्या. हे दिवे चालकाला आपल्या सीटवरून कधीच दिसत नाहीत.