दाढेचा ठणका थांबतो तेव्हा

दाढ रात्रभर ठणकते. लवंगेचे तेल लावून, गोळ्या घेऊन चार-सहा दिवस कसेबसे निघतात आणि मग ठणका आपोआप थांबतो. 'झाली बरी' म्हणून दंतवैद्याकडे जाणे राहून जाते. अशा वेळी बरेचदा दाढ बरी झालेली नसते. तिच्या आतला जिवंत भाग मेलेला असतो.

दाताच्या कठीण भागाच्या पोटात एक पोकळी असते आणि तिच्यापासून मुळांच्या टोकांपर्यंत बारीक नळ्या गेलेल्या असतात. त्यांत रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि पेशी यांचा मऊ गर असतो. डॉक्टर त्याला पल्प म्हणतात. जंतुसंसर्ग झाला की शरीराचा कोणताही भाग सुजतो. बोटाला सुजायला जागा असते, या गराला नसते. चहूबाजूंनी टणक भिंती आणि रक्ताची ये-जा मुख्यतः मुळाच्या टोकाशी असलेल्या, मिलिमीटरच्या काही दशांश एवढ्या छिद्रातून! आत दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो आणि गर मरतो. चेतातंतूच मेले, तर दुखणार काय? जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडाकडे सरकत राहतात. काही महिन्यांनी हिरडीवर पुळी येते, पू वाहून जातो, आणि तीही दुखत नाही.

हे सारे जंतूंमुळेच होते, हे १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनले व फिट्झगेराल्ड यांनी सुरेख दाखवले. त्यांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून गर उघडा केला. साध्या उंदरांचा गर सडला, मुळाशी गळू झाले. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या भोकात अन्न अडकले, तरी गर जगला. वर डेंटिनचा नवा पूल बांधला जाऊन जखम भरत गेली.

मेलेल्या गरात रक्त पोचत नाही, म्हणून रक्तातून जाणारे प्रतिजैविकही पोचत नाही. नुसत्या गोळ्यांनी हा आजार जात नाही तो यामुळे. उरतात दोन मार्ग: दात काढणे किंवा रूट कॅनाल. रूट कॅनालमध्ये मुळे काढतात, हा समज चुकीचा आहे. मुळे जागेवरच राहतात. जागा बधिर करून गर काढतात, बारीक कानशींनी नळ्या घासतात, सोडियम हायपोक्लोराइटने धुतात आणि बहुधा गटापर्चा भरून बंद करतात. हा मलायातील एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलवर याचेच आवरण असे.

काम किचकट असते. वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चार नळ्या असतात आणि चौथी सहज सापडत नाही. ती राहिली, तर जंतूही राहतात. म्हणून एक्स-रे का काढता, किती नळ्या सापडल्या, हे रुग्णाने जरूर विचारावे. पहिल्या बैठकीनंतर दुखणे थांबले, की काहीजण पुन्हा फिरकतच नाहीत. तात्पुरते सिमेंट झिजते आणि जंतू परत आत शिरतात. दाढ आधीच पोखरलेली असल्यामुळे चावताना फुटू शकते. तिच्यावर बहुधा टोपी बसवावी लागते. दुखण्याबरोबर गाल किंवा गळा सुजून ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास झाला, तर थेट रुग्णालय गाठावे.

शिक्षकांनी पाहण्याजोगी एक दाढ आहे. सुमारे सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. कोणताही दात न पडता ती उगवते, त्यामुळे पालक तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी 'पडेल आपोआप' म्हणून सोडून देतात. ती पडून दुसरी यायची नसते. शिवाय तिची मुळे पूर्ण व्हायला नववे-दहावे वर्ष उजाडते आणि ती वाढवण्याचे काम आतला जिवंत गरच करतो. त्यामुळे या वयात दंतवैद्य शक्यतो गर वाचवायचा प्रयत्न करतात. मूल 'दुखतंय' म्हणत असतानाच नेले, तर ते जमण्याची शक्यता अधिक असते.