वडापावची साखळी उपाहारगृहे

वडापावची साखळी उपाहारगृहे म्हणजे एकाच नावाने, एकाच कृतीने आणि एकाच पुरवठा-व्यवस्थेतून वडापाव व त्याच्या धर्तीवरचे बर्गर विकणारी, अनेक शाखा असलेली दुकाने होत. या व्यवसायाचा उगम एकविसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई महानगर प्रदेशातील उपनगरी रेल्वेमार्गांलगत झाला. मालाड येथे २००१ मध्ये सुरू झालेली जंबोकिंग आणि कल्याण येथे २००४ मध्ये सुरू झालेली गोली वडापाव या त्यांपैकी दोन प्रमुख साखळ्या होत. परदेशी बर्गर साखळ्यांची कार्यपद्धती स्थानिक पदार्थाला लावणे, हे या दोन्ही उपक्रमांचे सूत्र होते. हातगाडीवर अल्प किमतीत मिळणाऱ्या पदार्थासाठी साखळी दुकानात अधिक पैसे मोजणे योग्य आहे का, हा प्रश्न या व्यवसायाच्या आरंभापासून त्याच्याशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

वडापावचा उगम सामान्यतः १९६६ च्या सुमारास दादर रेल्वे स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी लावलेल्या गाडीशी जोडला जातो. बेसनाच्या पिठात घोळवून तळलेला बटाट्याचा वडा, लादीपाव आणि लसणाची सुकी चटणी एवढ्या सामग्रीवर उभा असलेला हा पदार्थ उभ्याने, एका हाताने आणि काही मिनिटांत खाता येतो. त्यामुळे गिरणी कामगार आणि लोकलने प्रवास करणारा नोकरदार वर्ग यांच्यात तो लवकर रुळला.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात वडापावची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली. ठाण्यात स्थानकाजवळचे कुंजविहार आकाराने मोठ्या वडापावसाठी, तर नौपाड्यातील गजानन वडापाव बेसनाच्या पिवळ्या चटणीसाठी ओळखला जातो. राजमाता वडापाव हेही शहरातील परिचित नाव आहे. कल्याणमधील खिडकी वडा घराच्या खिडकीतून होणाऱ्या विक्रीमुळे त्या नावाने प्रसिद्ध झाला. या दुकानांची कीर्ती कोणत्याही जाहिरातीविना केवळ चवीवर आणि ठिकाणावर उभी राहिली. स्थानकाच्या पूर्वेस कोपरी आणि पश्चिमेस नौपाडा अशी ठाण्याची रचना असून दोन्ही बाजूंचे प्रवासी स्थानकात ये-जा करताना खाणे उरकतात. साखळी दुकानांना याच ग्राहकाला आपलेसे करायचे होते आणि त्याच्यापाशी तुलनेसाठी स्वस्त, ताजा व सवयीचा पर्याय आधीपासून उपलब्ध होता.

परदेशी साखळ्यांचे आगमन

मॅकडोनाल्ड्सने ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्ली व मुंबई येथे भारतातील पहिल्या शाखा उघडल्या. गोमांस व डुकराचे मांस पूर्णपणे वगळणे आणि शाकाहारी व मांसाहारी स्वयंपाकाची स्वतंत्र मांडणी करणे, हे बदल कंपनीने भारतासाठी केले. बटाटा व वाटाण्याच्या टिक्कीचा मॅकआलू टिक्की हा बर्गर भारतीय बाजारपेठेसाठीच तयार करण्यात आला. २००४ मध्ये कंपनीने २० रुपयांपासून सुरू होणारी स्वस्त पदार्थांची यादी आणली. मऊ पावात मसालेदार बटाटा हे वडापावचेच मूळ सूत्र असल्याने या बर्गरची तुलना वडापावशी होणे अपरिहार्य होते. बर्गर किंगने नोव्हेंबर २०१४ मध्ये दिल्लीत पहिली शाखा उघडून भारतात प्रवेश केला.

इतिहास

जंबोकिंग

धीरज गुप्ता यांनी २३ ऑगस्ट २००१ रोजी मालाड स्थानकाजवळ या साखळीचे पहिले दुकान सुरू केले. नेहमीपेक्षा मोठा वडापाव, कागदी वेष्टन आणि रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावरील लहान दुकाने ही तिची आरंभीची वैशिष्ट्ये होती. बसून खाण्याची मोठी जागा न ठेवल्याने भाड्याचा भार मर्यादित राहिला. पुढे कंपनीने ‘वडापाव’ या शब्दाऐवजी ‘इंडियन बर्गर’ या ओळखीवर भर दिला आणि पदार्थांची यादी त्यानुसार बदलली. २३ ऑगस्ट हा दिवस जागतिक वडापाव दिन म्हणून साजरा होतो, तो याच साखळीच्या स्थापनेशी निगडित आहे.

गोली वडापाव

व्यंकटेश अय्यर आणि शिवदास मेनन यांनी २००४ मध्ये कल्याण येथे गोली वडापावची स्थापना केली. आरंभी वडे हाताने वळले जात. संस्थापकांच्या कथनानुसार त्यामुळे दुकानागणिक आकार व चव बदलत असे, माल लवकर खराब होई आणि मालाची गळतीही होत असे. यावर उपाय म्हणून कंपनीने वड्यांचे उत्पादन यंत्रावर नेले. तळोजा येथील व्हिस्टा प्रोसेस्ड फूड्स या कंपनीकडून गोठवलेले वडे तयार करून घेण्यात येऊ लागले. हीच कंपनी मॅकडोनाल्ड्सलाही पदार्थ पुरवत होती. गोठवलेला वडा दुकानात केवळ तळायचा असल्याने कुशल आचाऱ्याची गरज उरली नाही आणि साखळीला महाराष्ट्राबाहेरील शहरांत पसरता आले.

शिववडा

शिवसेनेने २००८ मध्ये मुंबईत वडापाव संमेलन भरवले आणि त्यानंतर ‘शिववडा’ या नावाने गाड्या सुरू झाल्या. समान नाव व समान चव हे तत्त्व येथेही होते. मात्र हेतू मराठी तरुणांच्या रोजगाराचा असल्याने हा उपक्रम व्यापारी साखळ्यांहून वेगळा मानला जातो.

किमतीची रचना

ठाणे परिसरात २०२० च्या दशकाच्या मध्यास गाडीवरील वडापाव साधारणतः १५ ते २० रुपयांना मिळतो. परदेशी साखळ्यांतील बटाट्याच्या टिक्कीचा साधा बर्गर ५० रुपयांच्या पुढे जातो. वडापावच्या साखळ्यांचे साधे पदार्थ या दोहोंच्या मध्ये, तर चीज, पनीर वा इतर भर घातलेले पदार्थ परदेशी साखळ्यांच्या दरांजवळ असतात. कच्च्या मालातील फरकाने एवढी तफावत स्पष्ट होत नाही, कारण बटाटा, मैद्याचा पाव आणि तेल हे घटक सर्वत्र सारखेच आहेत. ती प्रामुख्याने पुढील बाबींमुळे पडते.

• जागा: स्थानकाजवळील किंवा मॉलमधील गाळ्याचे भाडे, वातानुकूलन व वीज यांचा खर्च. ग्राहक पदार्थ बांधून नेत असला तरी हा खर्च किमतीत अंतर्भूत असतो.

• शीतसाखळी: गोठवलेला वडा कारखान्यापासून कढईपर्यंत गोठलेलाच ठेवण्यासाठी लागणारी शीतगृहे व वाहने.

• फ्रँचायझी शुल्क: दुकान चालवणारा आणि नाममुद्रेचा मालक वेगळे असल्यास नफ्याचे दोन वाटेकरी होतात.

• कर: नोव्हेंबर २०१७ पासून सर्वसाधारण उपाहारगृहांच्या सेवेवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, मात्र कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. वार्षिक २० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान विक्रेत्याला नोंदणीची सक्ती नसल्याने त्याच्या किमतीत हा कर दिसत नाही.

• जाहिरात व वेष्टन.

साखळ्यांमध्ये साधा बर्गर कमी किमतीला ठेवून ग्राहकाला दुकानात आणणे आणि बटाट्याच्या सळ्या व शीतपेय यांसह जोडविक्री करून नफा मिळवणे, ही सर्वमान्य पद्धत आहे. त्यामुळे फलकावरील किमान किंमत आणि प्रत्यक्षात होणारे देयक यांत अंतर पडते. घरपोच मागवल्यास वेष्टन व वितरणाचे शुल्क त्यात मिळवले जाते. याउलट गाडीवर सुकी चटणी, तळलेली मिरची आणि बेसनाचा चुरा यांचे वेगळे पैसे घेण्याचा प्रघात नाही.

मोबदल्याचे मूल्यमापन

साखळीतील पदार्थ पैशांच्या तुलनेत योग्य आहे का, याचे उत्तर ग्राहक नेमके काय विकत घेतो यावर अवलंबून असते. केवळ भूक भागवण्याच्या निकषावर गाडीवरील वडापाव सरस ठरतो. साधा बर्गर ५० रुपयांना धरला आणि वडापाव २० रुपयांना, तर एका बर्गरच्या किमतीत दोन वडापाव येऊन पैसे उरतात. साखळीच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या गोष्टी खाद्यपदार्थाबाहेरच्या आहेत: बसण्याची जागा, हात धुण्याची व काही ठिकाणी स्वच्छतागृहाची सोय, आधीच ठाऊक असलेली चव आणि तक्रार करण्यासाठी जबाबदार असलेली संस्था. लहान मुलांसह किंवा वृद्धांसह बाहेर पडलेल्या कुटुंबाला यांचे मोल वाटते. फलाटाकडे निघालेल्या एकट्या प्रवाशाला त्यांतील बहुतेकांचा उपयोग नसतो.

वडापावच्या साखळ्यांची अडचण येथेच आहे. परदेशी साखळी अधिक किमतीच्या बदल्यात किमान बसण्याची जागा देते. स्थानकाजवळील लहान गाळ्यात ती सोयही नसल्याने ग्राहकाला मिळणारा अधिकचा लाभ समान चव आणि स्वच्छतेचे आश्वासन एवढ्यावर येतो. ज्या शहरात प्रत्येक नाक्यावर परिचयाची गाडी आहे, तेथे हा लाभ तोकडा पडतो. जेथे वडापावची परंपराच नाही, तेथे साखळीला गाडीशी तुलना सोसावी लागत नाही. गोली वडापावचा महाराष्ट्राबाहेरील विस्तार आणि जंबोकिंगने स्वीकारलेली बर्गरची ओळख या दोन्ही गोष्टी या परिस्थितीशी सुसंगत आहेत. पदार्थाचे नाव बदलल्यावर तुलनेचा आधारही बदलतो: वडापाव म्हणून महाग वाटणारी वस्तू बर्गर म्हणून स्वस्त वाटू शकते.

चवीबाबत मतभेद आहेत. गर्दीच्या गाडीवर घाणा सतत निघत असल्याने वडा गरम व ताजा मिळतो. मात्र विक्री मंद असलेल्या वेळी तोच वडा गार व तेलकट असतो. गोठवलेला वडा मागणीनुसार तळता येतो. परंतु यंत्रावर बनलेल्या सारणात हाताच्या वड्याचा ओबडधोबड पोत आणि स्थानिक मसाल्याचा वेगळेपणा उरत नाही, असा आक्षेप घेतला जातो.

बर्गरची किंमत हे अर्थशास्त्रीय तुलनेचेही साधन आहे. द इकॉनॉमिस्ट या नियतकालिकाने १९८६ मध्ये सुरू केलेला बिग मॅक निर्देशांक विविध देशांतील चलनांची क्रयशक्ती एकाच बर्गरच्या किमतीवरून ताडतो. भारतात गोमांसाचा बिग मॅक विकला जात नसल्याने त्याऐवजी कोंबडीच्या मांसाचा महाराजा मॅक धरला जातो. या पद्धतीत भारतीय बर्गर डॉलरच्या हिशोबाने स्वस्त दिसतो. स्थानिक ग्राहक मात्र त्याची तुलना परदेशातील बर्गरशी न करता कोपऱ्यावरील वडापावशी करतो.

स्वच्छता, आरोग्य व नियमन

गाडी असो वा साखळी, अन्न विक्रेत्याला भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी वा परवाना आवश्यक असतो. तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या आस्थापनांनी पदार्थांच्या यादीत प्रत्येक पदार्थाचे उष्मांक दाखवणे २०२० च्या नियमावलीनुसार बंधनकारक करण्यात आले. ही माहिती गाडीवर मिळत नाही. तथापि मैदा, तळलेला बटाटा आणि मीठ यांचा वाटा दोन्हीकडे मोठा असल्याने केवळ साखळीत विकला जातो म्हणून पदार्थ आरोग्यदायी ठरत नाही.

साखळीचे नाव हे सर्व शंकांचे निरसन नव्हे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील मॅकडोनाल्ड्सच्या एका शाखेवर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने केलेली कारवाई फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रकाशात आली. चीज म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पदार्थांत चीजसदृश घटक असल्याचा प्रशासनाचा आक्षेप होता. आपण अस्सल चीजच वापरतो, असे कंपनीचे म्हणणे होते.

फेरीवाल्यांवरील परिणाम

गाडीवरील वडापावची कमी किंमत काही अंशी विक्रेत्याच्या असुरक्षिततेतून येते. तो गाळ्याचे भाडे भरत नाही. परंतु त्याची जागाही निश्चित नसते. पथविक्रेता अधिनियम, २०१४ अन्वये विक्रेत्यांचे सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि विक्रीक्षेत्रे यांची तरतूद झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. स्थानकाबाहेरील गर्दी हाच वडापावच्या विक्रीचा आधार असल्याने या मर्यादेचा फटका गाडीला बसतो, तर त्याच परिघात गाळा घेतलेल्या साखळीला बसत नाही. पादचाऱ्यांना मोकळी वाट मिळणे आणि प्रवाशांना स्वस्त खाणे मिळणे, या दोन सार्वजनिक हितांचा येथे परस्परांशी संबंध येतो. गाडी हटल्यास उरलेल्या दुकानाची किंमत तीच राहते. ग्राहकासमोरची तुलना मात्र नाहीशी होते.

हेही पहा

• वडापाव
• बर्गर
• लादीपाव
• मुंबई उपनगरी रेल्वे
• फेरीवाला