दारातून गेलं, म्हणजे गेलं?

'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' असं आपल्याकडे म्हणतात. या म्हणीत एक कलम राहून गेलंय, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. घर पाहावं आवरून! बांधताना फार तर खर्चाचा अंदाज चुकतो. आवरताना माणसाचा स्वतःबद्दलचाच अंदाज चुकतो. आपण गरजेपुरतं बाळगणारी साधी माणसं, हा समज माळ्यावरून पहिली ट्रंक खाली आली की डळमळतो. अंगणात गाद्या, मोडक्या खुर्च्या, नारळाच्या झावळ्या आणि फोडलेल्या मोरीच्या विटा यांचा कमरेएवढा ढीग झाला की तो पार कोसळतो. मग प्रश्न उरतो : हे सगळं न्यायचं कुणी आणि टाकायचं कुठं?

या प्रश्नाची दोन उत्तरं मी गेल्या काही वर्षांत जवळून पाहिली. एक इंग्लंडात, लीड्सला मुलीच्या दारात आणि दुसरं पुण्यात, सहकारनगरमध्ये धाकट्या भावाच्या दारात.

मुलीनं आणि जावयानं लीड्सला एक जुनं विटांचं घर घेतलं. आधीचे मालक एकटे राहणारे वृद्ध गृहस्थ. ते वारल्यावर नातेवाइकांनी घर विकलं. पण मागची शेड आणि माजलेली बाग होती तशीच सोडून दिली. आम्ही उभयता तिथं गेलो, त्याच आठवड्यात एक लॉरी आली. तिच्या पाठीवर दोन लोखंडी हात. त्या हातांनी साखळ्यांना लटकवलेली एक भलीमोठी पिवळी पेटी अलगद दारात उतरवली. वर रुंद, तळाशी निमुळती. कढईलाच कोपरे काढलेत म्हणा ना! तिला तिथं 'स्किप' म्हणतात. ती भाड्यानं आणायची, आठवडा-दोन आठवड्यांत भरायची आणि फोन केला की लॉरी येऊन उचलून नेते. टोपलीला तिकडे 'स्केप' असा एक जुना शब्द होता, त्यावरून हे नाव आलं. म्हणजे आपली पाटीच, फक्त लोखंडाची आणि भाड्याची.

घरकामाला सहसा सहा किंवा आठ घनयार्डांची स्किप लागते. आपल्या हिशेबात सांगायचं तर एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तेव्हा सहा यार्डांची स्किप दीड ब्रासहून थोडी जास्त आणि आठ यार्डांची दोन ब्रासहून थोडी जास्त. त्याहून मोठ्या स्किपा मिळतात, पण त्यांत माती आणि विटा सहसा भरू देत नाहीत; लॉरीला वजन उचलवत नाही. माल काठाच्या वर दिसता कामा नये, नाहीतर ड्रायव्हर स्किप उचलायला नकार देतो. आपल्याकडे उसाची ट्रॉली पाहिलेल्या माणसाला हा नियम फारच भित्रा वाटतो!

स्किप आपल्या आवारात ठेवली तर प्रश्न नाही. सार्वजनिक रस्त्यावर ठेवायची तर १९८० च्या हायवेज कायद्याप्रमाणे परवानगी लागते. तिच्यावर मालकाचं नाव आणि पत्ता किंवा फोन लिहिलेला हवा, रात्री दिवे लागलेले हवेत. आत काय टाकायचं नाही, याची यादी तर लग्नाच्या याद्यांइतकी लांब. फ्रिज नको, टीव्ही नको, टायर, बॅटऱ्या, ओला रंग, गॅसची टाकी नको. जुना सोफासुद्धा नको, कारण त्याच्या कापडात आणि फोमात आग रोखण्यासाठी घातलेली रसायनं घातक ठरली आहेत. असे सोफे जाळण्याच्या भट्टीतच गेले पाहिजेत, ही सक्ती २०२३ पासून कसोशीनं होऊ लागली. शेडवर अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे होते. इंग्लंडात अ‍ॅस्बेस्टॉसवर १९९९ साली बंदी आली. ते उतरवायला वेगळी माणसं आली, नखशिखांत झाकलेली, तोंडावर मुखवटे. पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यांनी वेगळ्या गाडीनं नेले.

शेडच्या आत लाकडी फळीवर काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या. खिळे, स्क्रू, वायसर सगळं मापाप्रमाणे लावलेलं. प्रत्येक बरणीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर सुबक अक्षरात माप. कुणीतरी आयुष्यभराच्या रविवारी ते लावलं असणार. जावयानं एक बरणी स्वैपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि बाकीच्या एकेक करून स्किपमध्ये रित्या केल्या. तो आवाज ऐकून आमची सौ. चहाचा कप घेऊन आत निघून गेली.

स्किप दारात आली की शेजारधर्मही जागा होतो. शेजारच्या आजी दोन गुलाबांच्या वाळक्या फांद्या घेऊन रीतसर विचारून गेल्या. एका सकाळी आम्ही न टाकलेली एक गादी आत विराजमान झालेली दिसली. तिनं मात्र कुणाला विचारलं नव्हतं. उलट एक गृहस्थ आले आणि म्हाताऱ्याची गंजकी हातगाडी मागून घेऊन गेले.

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला यापुढचा भाग जास्त रंजक वाटला. भरलेली स्किप एका वर्गवारी केंद्रात जाते. तिथं लोखंड, लाकूड, माती, विटा वेगळ्या होतात. विटा भरडून रस्त्याखाली भर म्हणून वापरतात. उरेल ते जमिनीत गाडायचं, तर त्यावर सरकारचा कर आहे. १ ऑक्टोबर १९९६ ला तो सुरू झाला तेव्हा कुजणाऱ्या, मिसळलेल्या कचऱ्याला टनाला ७ पौंड होता. एप्रिल २०२५ मध्ये तो १२६ पौंडांवर गेला. गाडणं महाग केलं, म्हणून वेगळं करणं परवडू लागलं. शिवाय आपला कचरा परवानाधारक माणसाकडेच देण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. स्वस्तात नेणाऱ्यानं तो माळावर फेकला, तर दंडाची चिठ्ठी घरमालकाच्याही पत्त्यावर येऊ शकते. तरीही तिथं माळांवर आणि गल्ल्यांत कचरा फेकला जातोच. माणसं तिथलीही माणसंच आहेत.

आपल्याकडे हे काम पिढ्यान् पिढ्या स्किपशिवाय झालं आणि बऱ्याच अंशी चांगलं झालं. जुन्या लुगड्यांवर घासाघीस करून स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण, तराजू घेऊन येणारा रद्दीवाला, लोखंड-पितळेचा भाव वेगवेगळा सांगणारा भंगारवाला, या मंडळींनी आपल्या घरातल्या नको असलेल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला पुढचा जन्म दिला. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरा वेचणाऱ्या बायकांना कामगार म्हणून ओळख मिळू लागली. पुढे त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद घरोघर कचरा घ्यायला येऊ लागल्या. लीड्सच्या वर्गवारी केंद्रात यंत्रं करतात ते काम या बायकांनी उघड्या हातांनी केलं आहे.

अडतं ते ज्याला भाव नाही तिथं. कापसाची गोळे झालेली गादी, थर्माकोल, बागेतला पालापाचोळा आणि सगळ्यात मोठा म्हणजे राडारोडा. २०१६ साली केंद्र सरकारनं घनकचऱ्याचे आणि बांधकामाच्या कचऱ्याचे स्वतंत्र नियम केले. बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवा, जाळू नका, राडारोडा इतर कचऱ्यात मिसळू नका, असं त्यांत स्पष्ट सांगितलं. पण नियम छापला गेला म्हणून ओढ्याकाठचा ढीग उठत नाही.

भावानं मागच्या वर्षी वडिलांच्या घराची डागडुजी काढली. मोरी फोडली, स्वैपाकाचा ओटा काढला, कुंपणाची कललेली भिंत पाडली. शहाबादी फरशा एकानं आनंदानं विकत नेल्या. पालापाचोळ्यासाठी भावजयीनं मागच्या कोपऱ्यात विटांचा हौद करून घेतला. राहिला दीड ब्रास राडारोडा. टेम्पोवाल्यानं दर सांगितला तो चांगलाच कमी वाटला. म्हणून मी विचारलं, ''टाकणार कुठं?''

''ते नका विचारू, काका,'' तो म्हणाला. मी विचारलंच. उत्तर अपेक्षित होतं : ओढ्याकडेला. महापालिकेनं ठरवून दिलेल्या जागी नेण्याचे त्यानं जवळपास दुप्पट सांगितले. ''तिथं जाऊन यायला अर्धा दिवस मोडतो. तेवढ्यात ओढ्याकडं माझ्या तीन खेपा होतात. तुम्ही दर द्या, मी दिल्लीला नेऊन टाकतो!'' त्याच्या हिशेबात मला खोट दिसली नाही. डिझेल त्याचं, टेम्पोचा हप्ता त्याचा. फुकट टाकायची जागा जवळ आणि रीतसर टाकायची जागा लांब, ही व्यवस्था त्यानं केलेली नव्हती.

भाऊ म्हणाला, ''दादा, सगळे तिथंच टाकतात. आपल्या दीड ब्रासनं ओढा बुजणार आहे का?''

बँकेत हे वाक्य मी वेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकलं आहे. माझ्या एवढ्याशा हप्त्यानं बँक बुडणार आहे का, असं प्रत्येक थकबाकीदार म्हणतो आणि एकेकट्याचं पाहिलं तर त्याचं खरंही असतं. आम्ही दोघं वाद घालत असताना भावजय बाहेर आली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा तिची एक मैत्रीण छातीइतक्या पाण्यातून सासूला खांद्याला धरून बाहेर पडली होती. त्या रात्री पुण्यात माणसं गेली. त्या पुराची कारणं अनेक असतील. पण ओढ्यात पडलेली वीट पाण्याची वाट अडवते, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. भावजय एवढंच म्हणाली, ''दुप्पट तर दुप्पट. ओढ्यात नको.'' वाद तिथं संपला. जादा रक्कम आम्ही भावांनी निम्मी-निम्मी वाटून घेतली आणि मी टेम्पोत पुढं बसून शेवटपर्यंत गेलो.

एक गोष्ट मात्र राहिली. मागच्या पडवीवर अ‍ॅस्बेस्टॉसचे चार पत्रे होते. कामावरच्या बाईनं ते मागितले. तिच्या खोलीचं छप्पर गळत होतं. पत्रा फुटला, घासला की त्याची पूड फुफ्फुसात जाते, हे मी तिला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ''पावसात पोरं भिजतात, त्याचं काय करू?'' भावानं तिला टिनाचे दोन नवे पत्रे आणून दिले. एका बाईचा प्रश्न सुटला. पण अंगणात टाकून दिलेला असा पत्रा कुणीतरी उचलून डोक्यावर घेतोच. घेणारा नेहमी गरीबच असतो.

बँकेत कागद नष्ट करण्याचेही नियम होते. १९८५ च्या नियमांप्रमाणे काही दप्तर पाच वर्षं जपायचं, काही आठ वर्षं, मगच विल्हेवाट. काय फेकलं, याचीही आम्ही नोंद ठेवत असू. फेकणं हाही एक व्यवहारच आहे आणि त्यालाही दुसरी बाजू असते, हे मी तिथं शिकलो. आपल्या खात्यातून जे वजा होतं, ते कुणाच्या तरी खात्यात जमा होतं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या खात्यात जमा झाला. तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठं शहराला ते खातं आठवलं.

लीड्सची स्किप जशीच्या तशी आपल्या गल्लीत आणावी, असं मी म्हणणार नाही. गल्लीत ती मावणार नाही. मावली तर एका रात्रीत सगळी गल्लीच ती भरून टाकेल! पण आधी नाव नोंदवून दिवसभरासाठी मिळणारी एखादी लोखंडी पेटी प्रत्येक वॉर्डात असावी, दर माफक असावा आणि माल कुठं गेला याची पावती मिळावी, एवढी मागणी नागरिकांनी करायला हरकत नाही. तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. घराचं काम काढाल तेव्हा फरशीचा रंग ठरवण्याआधी कंत्राटदाराला विचारा : राडारोडा कुठं टाकणार? उत्तर अंदाजपत्रकातच लिहून घ्या. त्याचे चार पैसे जास्त पडतील, ते घासाघीस न करता द्या.

ते चार पत्रे अजून भावाच्या आवारात आहेत. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, भिंतीला टेकवून ठेवलेत. ते रीतसर नेणाऱ्याचा शोध चालू आहे.