शिवारातलं विज्ञान – लेखांक ९ : सोयाबीनची नाजूक साल

पाऊस वेळेवर आला, तिफण वेळेवर चालली, तरी सोयाबीन उगवलं नाही. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात जागोजाग हेच झालं. कृषी खात्याकडे तक्रारींचा ढीग लागला, दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडला आणि बातम्या वाचून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. बियाणं बोगस होतं, हा पहिला आरोप झाला. काही पिशव्यांबाबत तो खराही असेल. पण आणखी एक कारण आदल्या वर्षीच घडून गेलं होतं. २०१९ च्या ऑक्टोबरातल्या अवकाळी पावसानं काढणीला आलेलं आणि काढून ठेवलेलं सोयाबीन भिजवलं होतं. त्या पावसाचा आणि पुढच्या जूनमध्ये न उगवलेल्या दाण्याचा संबंध जोडते ती दाण्यावरची साल. मागच्या लेखांकात आपण बियाच्या आतला कोंब पाहिला. आज त्याच्या आवरणाविषयी.

सगळ्यांची साल सारखी नसते

बीड जिल्ह्याच्या शिवारातच सालीचे किती प्रकार सापडतात पाहा. गेवराई-माजलगावकडच्या कपाशीत सरकीचं टरफल टणक, काळपट आणि वर रोंवा असलेलं. गंमत अशी, की ज्या कापसावर इथल्या घरांचं वर्षाचं गणित चालतं, तो कापूस सालीचाच भाग आहे. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी लांबत जाते आणि तिचाच एकेक धागा होतो. म्हणजे आपण वेचतो ती सरकीच्या सालीवरची वाढ.

तुरीची साल डाळीला डिंकासारख्या चिकट थरानं घट्ट धरून बसते. म्हणून तुरीची डाळ करणं हरभऱ्याइतकं सोपं नाही. गावात तुरी भिजवायच्या, तांबडी माती चोळायची, उन्हात वाळवायच्या आणि मग जात्यावर भरडायच्या, असा खटाटोप त्यासाठीच होता. डाळमिलमध्येही आधी दाण्याची साल खरवडतात, तेल-पाण्याचा हात देऊन मुरवतात, वाळवतात आणि त्यानंतर साल काढतात. उरलेली चुणी जनावरांच्या दावणीत जाते.

बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून देशभर पोचलं. त्याचं बी मात्र कवचामुळे हट्टी. भिजवून लावलं तरी ते उगवायला आठवडे घेतं. बाभळीचं बी त्याहून चिवट. त्यात पाणी सहज शिरतच नाही. शेळीनं शेंगा खाल्ल्या, बी तिच्या पोटातून फिरून आलं, की साल मऊ पडते. शेळ्यांच्या वाड्यातलं बाभळीचं बी रोपवाटिकेत मुद्दाम वापरतात ते याचसाठी. टणक सालीची ताकद किती, याचं टोकाचं उदाहरण चीनमधलं आहे. तिथल्या एका आटलेल्या तळ्याच्या गाळात मिळालेलं सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचं कमळाचं बी प्रयोगशाळेत उगवलं.

या सगळ्यांत सोयाबीन सर्वांत नाजूक. दाण्याच्या वजनात सालीचा वाटा जेमतेम ८ टक्के. रानटी सोयाबीनचा दाणा मात्र आजही बारीक, काळा आणि पाणी आत न घेणारा असतो. पूर्व आशियातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या जे दाणे एकदम उगवतील तेच पुढे पेरले. त्या निवडीत साल मवाळ होत गेली. सगळं शेत एकाच वेळी उगवतं, हा त्यातला फायदा. दाणा फार दिवस टिकत नाही आणि आघात सोसत नाही, ही त्याची किंमत. साध्या साठवणीत सोयाबीनची उगवणशक्ती एका हंगामापलीकडे भरवशाची राहत नाही.

साल फुटली की काय होतं?

सोयाबीनच्या दाण्यावर डोळा असतो. त्याच्या शेजारीच, सालीच्या अगदी खाली, पुढे मूळ होणारा भाग दडलेला असतो. दाणा आपटला की मार थेट तिथे बसतो. वरून दाणा पिवळाधमक दिसतो, पण आतलं मूळ दुखावलेलं असतं.

दुसरा धोका पाण्याचा. उगवण्यासाठी दाण्याला भरपूर पाणी लागतं, पण ते बेतानं आत यावं लागतं. कोरड्या दाण्यातल्या पेशींची आवरणं विस्कटलेली असतात. पाणी हळूहळू मुरलं तर ती पुन्हा सांधली जातात. साल तडकलेली असली, की फळी फुटलेल्या होडीत शिरावं तसं पाणी आत घुसतं. पेशी फुटतात, आतली साखर आणि इतर द्रव्यं बाहेर पाझरतात आणि मातीतल्या बुरशीला आयतं जेवण मिळतं. न उगवलेल्या तासात उकरून पाहिलं तर फुगलेला, बुळबुळीत, वास येणारा दाणा हाती लागतो. पेरणीनंतर पाऊस पडूनही बी का कुजलं, याचं उत्तर बरेचदा इथे असतं.

ऑक्टोबरच्या पावसाचं कामही असंच चालतं. पक्व शेंग भिजली की आतला दाणा फुगतो, ऊन पडलं की आकसतो. असं दोन-चारदा झालं की सालीला सुरकुत्या पडतात, मग चिरा जातात. त्या चिरांतून बुरशी शेतातच आत शिरते. असा दाणा तेलाच्या कारखान्याला चालेल, बियाण्याला चालणार नाही.

साल कुठे कुठे मार खाते?

पहिली जागा हडंबा. दाण्यात ओलावा १३-१४ टक्के असताना मळणी करावी आणि ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० ते ५०० च्या आत ठेवावेत, अशी कृषी विभागाची शिफारस आहे. दाणा जास्त वाळला असेल तर फेरे आणखी कमी हवेत. भाड्याच्या हडंब्यावर काम उरकायची घाई असते. निदान बियाण्यापुरतं ठेवायचं सोयाबीन वेगळं सांगून, हळू करून घ्यावं.

दुसरी जागा पोत्यांची चढ-उतार. ट्रॉलीतून धाडकन टाकलेल्या पोत्यात प्रत्येक दाण्याला थोडाबहुत दणका बसतो. तिसरी जागा साठवण. बियाणं बारदानात भरावं, खाली लाकडी फळ्या घालाव्यात आणि पोत्यांची थप्पी उंच रचू नये. खालच्या पोत्यावर ओझं पडून साल चिरते. ओल असलेलं बियाणं प्लॅस्टिकच्या पोत्यात कोंडलं तर ते आतल्या आत तापतं. चौथी जागा बीजप्रक्रिया. औषध लावताना दाणे जोरात चोळू नयेत.

घरचं बियाणं, घरचीच परीक्षा

सोयाबीनचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं. त्यामुळे संकरित कपाशीसारखं दरवर्षी नवं बियाणं घ्यावं लागत नाही. एकदा घेतलेलं प्रमाणित बियाणं नीट राखलं तर त्याचं उत्पादन पुढे दोन-तीन हंगाम पेरता येतं. अट एकच : उगवण तपासून पेरायचं.

गोणपाटाचा तुकडा भिजवून निथळून घ्या. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे मांडा. दाणे निवडून घेऊ नका, पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ घ्या. वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, ओल टिकवा. सातव्या दिवशी उघडून फक्त निरोगी, सरळ कोंब आलेले दाणे मोजा. सोयाबीनच्या बियाण्यासाठी किमान उगवण ७० टक्के ठरलेली आहे. तेवढी असेल तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. ६५ टक्के निघाली तर साधारण ३२ किलो, ६० टक्के निघाली तर ३५ किलो लागेल. त्याखालचं सोयाबीन मोंढ्यावर न्यावं, तिफणीत घालू नये.

पेरणीचीही शिस्त हवी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोल उतरल्याशिवाय पेरू नका. दाणा तीन-चार सेंटिमीटरहून खाली गेला तर नाजूक कोंब दोन्ही दळं घेऊन वर येताना वाटेतच मोडतो.

आणि बियाणं विकत आणलं असेल तरी ही परीक्षा चुकवू नका. पावती, पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. उगवण फसली तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच लेखी तक्रार करा, म्हणजे तक्रार निवारण समितीला शेतात येऊन पाहणी करता येते. पुरावा नसेल तर तक्रार टिकत नाही. मृगाला अवकाश आहे, गोणपाट घरात आहे. हा अंक खाली ठेवून आजच १०० दाणे मोजायला घ्या.

(पुढील लेखांकात : बीजप्रक्रिया – आधी बुरशीनाशक की आधी जिवाणू खत?)