देव किती आणि देव आहे का?

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गोंड घरांत सोयरीक जुळवताना एक प्रश्न आधी विचारला जातो : तुम्ही किती देवांचे? कोणी चार देवांचे असतात, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. दोन्हीकडच्या देवांची संख्या सारखी निघाली तर ती कुळे भाऊभाऊ ठरतात आणि त्यांच्यात लग्न होत नाही. देव इथे नात्यांचा हिशेब ठेवतो. अशा घरातल्या मुलाला 'देव आहे की नाही?' असे विचारणे म्हणजे 'तुला कूळ आहे की नाही?' असे विचारण्यासारखेच आहे.

म्हणून वर्गात देवाच्या अस्तित्वाची चर्चा निघाली (आणि सातवी-आठवीत ती निघतेच), तर आपण आधी विचारावे : कोणता देव? जग निर्माण करणारा, नवसाला पावणारा, की कुळाचा? चंद्रपूरच्या महाकालीच्या चैत्रातल्या यात्रेला आलेली बाई आणि विश्वाच्या आदिकारणाचा विचार करणारा तत्त्वज्ञ शब्द एकच वापरतात, पण बोलतात वेगळ्या गोष्टींबद्दल.

'नास्तिक' हा शब्दही असाच फसवा आहे. जुन्या परंपरेत वेदांचे प्रामाण्य नाकारणारा तो नास्तिक. त्यामुळे जगाच्या उत्पत्तीसाठी ईश्वराची गरज न मानणारे सांख्य आस्तिकांत बसले! आज आपण देव न मानणाऱ्याला नास्तिक म्हणतो. 'अज्ञेयवादी' या अर्थाचा इंग्रजी शब्द टी. एच. हक्सले या जीवशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये घडवला. ज्याला पुरावा नाही ते ठाऊक असल्याचा दावा करू नये, हा त्याचा आग्रह. आपल्याकडे 'सुधारक'कार आगरकरांना विरोधक नास्तिक म्हणत. त्यांची स्वतःची भूमिका अज्ञेयवादाच्या जवळची होती.

हे दोन शब्द दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. 'तुम्ही मानता का?' हा एक प्रश्न, 'तुम्हाला ठाऊक आहे का?' हा दुसरा. 'ठाऊक नाही, म्हणून मानत नाही' असे म्हणणारा नास्तिकही असतो आणि अज्ञेयवादीही. 'ठाऊक नाही, तरी मानतो' असे म्हणणारे भाविकही पुष्कळ आहेत.

तिसरीही एक वाट आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. आणि ज्या बुद्धाचा धम्म स्वीकारला, त्याने 'जग शाश्वत आहे की नाही' अशा प्रश्नांना उत्तर देण्याचेच नाकारले होते; दुःख दूर करायला त्या उत्तरांचा उपयोग नाही, म्हणून.

मग मन खुले ठेवायचे म्हणजे सगळेच खरे असू शकते असे म्हणायचे का? इथे मात्र ठाम राहायला हवे. 'पुजाऱ्याच्या मंत्राने सापाचे विष उतरते' हा दावा देवाच्या अस्तित्वासारखा नाही. तो तपासता येतो. आपल्या भागात आढळणारे बहुतेक साप बिनविषारी. शिवाय विषारी साप चावला तरी तो दर वेळी विष सोडतोच असे नाही. समजा, दहा जणांना साप चावला आणि त्यांतल्या सात जणांच्या अंगात विष गेलेच नाही. ते सात जण काहीही न करता वाचणार, आणि मंत्र घातला असेल तर श्रेय मंत्राला जाणार. उरलेल्या तिघांबद्दल 'उशिरा आणले' असे म्हटले जाते. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. फारसे दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही, आणि काही तासांत श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात. त्या वेळी प्रतिसर्पविषाचे इंजेक्शन आणि गरज पडली तर कृत्रिम श्वासोच्छ्वास लागतो. पावसाळ्यात वाटेत नाले भरलेले असताना मंत्रात गेलेला एक तासही महाग पडतो. मंत्र फिजूल आहे हे सांगताना त्या पुजाऱ्याच्या देवाबद्दल एक शब्दही काढावा लागत नाही.

वर्गात मुलांकडून देवाविषयी ऐकलेली विधाने लिहून घ्यावीत आणि त्यांचे दोन ढीग करायला सांगावे : तपासता येणारी आणि न येणारी. पहिल्या ढिगातल्या प्रत्येक विधानापुढे 'काय दिसले तर मी मत बदलेन?' हे लिहायचे, तेही आधीच. 'नवस केला की पाऊस पडतो' या विधानावर वाद होईल; तो होऊ द्यावा. तपासायचे असेल तर पाऊस न पडलेल्या नवसांचीही नोंद लागेल, हे कोणीतरी सांगेलच. आणि 'गुरुजी, तुमचे मत काय?' असे मुलांनी विचारले, तर ते आपले मत आहे असे म्हणून सरळ सांगून टाकावे.